धातू झिजतो तेव्हा तो जातो कुठे?

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यातल्या लोकांच्या लक्षात आलं, की शहराच्या पाण्याने इंजिनाचे भाग गंजत आहेत. कारखान्याने ते पाणी बंद केलं आणि शेजारच्या टाउनशिपकडून दुसरं पाणी घ्यायला सुरुवात केली. त्याच्या सहा महिने आधी, २५ एप्रिलला, खर्च वाचवण्यासाठी शहराने डेट्रॉइटहून येणारं ह्यूरॉन सरोवराचं पाणी सोडलं होतं आणि फ्लिंट नदीचं पाणी शुद्ध करून पुरवायला घेतलं होतं. कारखाना त्यातून बाहेर पडला. गावातले सुमारे एक लाख लोक मात्र तेच पाणी पुढे वर्षभर पीत राहिले, आणि त्या वर्षभरात सरकारी कागदावर ते पाणी शिशाच्या नियमांत बसत होतं.

या घटनेवर बरंच लिहिलं गेलं आहे. गरिबी, वर्णभेद, लोकनियुक्त प्रतिनिधींना बाजूला सारून राज्याने नेमलेला प्रशासक, हे सगळे धागे त्यात आहेत आणि ते महत्त्वाचेच आहेत. मला इथे वेगळा प्रश्न विचारायचा आहे. लोखंडाला जे कळलं ते पाण्याच्या प्रयोगशाळेला का कळलं नाही? प्रयोगशाळेची यंत्रं बिघडलेली नव्हती. शिसं मोजण्याची तंत्रं इतकी पुढे गेली आहेत, की अब्ज भाग पाण्यातला एक भागही सापडतो. या एककाला पीपीबी म्हणतात. तरीही उत्तर चुकलं, कारण बाटली यंत्रापर्यंत पोचण्याआधीच चुकीचा प्रश्न विचारून झाला होता. गंज आणि प्रदूषण यांच्या चाचण्यांबद्दल माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे: आकडा खरा की खोटा हे बहुतेक वेळा नमुना घेतानाच ठरतं, आणि नमुना कसा घ्यायचा हे ठरवताना ते पाणी ज्याच्या पोटात जाणार आहे त्याला कुणी विचारत नाही.

धातू गंजतो म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो दुसरीकडे जातो. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या स्वयंपाकघरात हे ज्ञान होतं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं, हे सांगायला रसायनशास्त्र लागत नसे. भांड्यातलं तांबं आंबटात उतरतं, म्हणून वर्षातून एकदोनदा कल्हईवाल्याकडून नवसागर टाकून कथलाचा हात फिरवून घ्यायचा. भांड्याची झीज आणि अन्नाचा बिघाड हे एकच प्रकरण आहे हे त्या घराला ठाऊक होतं. आधुनिक व्यवस्थेने मात्र त्याची दोन खाती केली. धातूने काय गमावलं हे अभियंत्याने पाहायचं, पाण्यात काय आलं हे पर्यावरणवाल्याने किंवा आरोग्य खात्याने पाहायचं. दोघांच्या प्रयोगशाळा वेगळ्या, मानकं वेगळी, वरिष्ठही वेगळे.

या दोन टोकांची गाठ किती घट्ट आहे हे हम्फ्री डेव्हीला १८२४ मध्येच कळलं होतं. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारत. समुद्राच्या पाण्यात तो झपाट्याने झिजत असे. डेव्हीने तांब्याला लोखंडाचे तुकडे जोडले. तांब्याऐवजी लोखंड गंजू लागलं आणि तांबं सुरक्षित राहिलं. आज गॅसच्या नळवाहिन्यांपासून जहाजांपर्यंत सगळीकडे वापरली जाणारी ही पद्धत तेव्हा 'सामरंग' या जहाजावर करून पाहिली गेली. हे जहाज आपल्या कोचीनला बांधलेलं होतं. प्रयोग यशस्वी झाला, पण समुद्रात गेल्यावर त्या जहाजाच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटायला लागलं, आणि वेग घटला. कारण उघड होतं. तांबं झिजत होतं तेव्हा त्याचे विषारी कण पाण्यात उतरून त्या जीवांना दूर ठेवत होते. झीज थांबली, विषही थांबलं. डेव्हीने धातूचं मोजमाप बरोबर केलं होतं, फक्त पाण्याच्या बाजूने प्रश्न विचारला नव्हता. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी जहाजांच्या रंगात ट्रायब्युटिल टिन घालून असंच विष मुद्दाम सोडलं गेलं. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातली कालवं वेडीवाकडी वाढू लागली, तिथल्या कालवांच्या शेतीचं नुकसान झालं, आणि त्या देशाला १९८२ मध्ये लहान बोटींवर त्या रंगाला बंदी घालावी लागली. रंगाची परीक्षा 'तळ किती स्वच्छ राहतो' एवढ्यावर झाली होती. कालवाचं मत कुणी घेतलं नव्हतं.

आता गंजाच्या प्रयोगशाळेत जरा थांबून पाहू, कारण तिथलं सगळ्यात साधं काम मला अजूनही सगळ्यात प्रामाणिक वाटतं. पोलादाची एक छोटी पट्टी घेतात, तिला कूपन म्हणतात. एमरी पेपरवर घासून ती चकचकीत करायची, ॲसिटोनने धुऊन तेलकटपणा काढायचा, वाळवायची आणि ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करायचं. बोट लावायचं नाही, चिमट्याने धरायची. मग ती पाण्यात, नळवाहिनीत किंवा उघड्या हवेत टांगून ठेवायची. महिन्यांनी काढली की तिच्यावर तांबूस-काळा थर असतो. तो हायड्रोक्लोरिक आम्लात अँटिमनी आणि कथलाचे क्षार घालून केलेल्या द्रावणात बुडवून उतरवायचा. हे द्रावण गंज खातं, पण थोडं चांगलं पोलादही खातं. म्हणून एक कोरी, न गंजलेली पट्टीही तेवढाच वेळ त्याच द्रावणात बुडवतात. तिचं जेवढं वजन घटलं तेवढं पहिल्या पट्टीच्या घटीतून वजा करायचं. या कोऱ्या तपासणीला ब्लँक म्हणतात. साफ करणाऱ्यानेच केलेलं नुकसान गंजाच्या नावावर लिहायचं नाही, असा हा हिशेब आहे. उरलेल्या घटीवरून वर्षाला किती मिलिमीटर झीज होते ते काढता येतं.

ही पद्धत वेळखाऊ आहे. तिच्यात एक मोठं छिद्रही आहे, अगदी शब्दशः. झीज सगळीकडे सारखी झाली तर सरासरी कामाची. पण क्लोराइड असलेल्या पाण्यात स्टेनलेस स्टील एखाद्याच बिंदूला खोल पोखरलं जातं. वजन जेमतेम घटतं आणि टाकीला भोक पडतं. म्हणून पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून खड्ड्यांची खोली मोजावी लागते, आणि सरासरीबरोबर सगळ्यात खोल खड्डाही लिहावा लागतो. सरासरीने माणसं मरत नाहीत, सगळ्यात वाईट जागेने मरतात. हे धातूच्या लोकांना पक्कं माहीत आहे. पाण्याच्या नियमांत ते कसं हरवलं, ते फ्लिंटकडे परत गेल्यावर दिसेल.

घाईत असलेल्या उद्योगाला महिने थांबता येत नाही. म्हणून सॉल्ट स्प्रे आला. चाकण, भोसरी, वाळूजच्या कुठल्याही सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ही पेटी असते: आत ३५ अंश सेल्सिअस, हवेत ५ टक्के मिठाच्या पाण्याचं अखंड धुकं, आणि तिरक्या ठेवलेल्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या पट्ट्या आणि बोल्ट. अमुक तास पांढरा गंज नको, तमुक तास लाल गंज नको, असा करार असतो. तास भरले की माल पास. १९३९ पासून ही चाचणी अमेरिकी मानकात आहे आणि तिचा एक उपयोग निर्विवाद आहे: कालच्या बॅचपेक्षा आजची बॅच बिघडली का, हे ती चटकन सांगते. अडचण येते ती पेटीतल्या तासांवरून गावातल्या वर्षांचा अंदाज बांधताना. असा अंदाज क्वचितच जुळतो, हे त्या मानकातच लिहिलेलं आहे. तरी खरेदीच्या कागदांवर तास वाढत जातात आणि विक्रेता ते आयुष्याची हमी म्हणून सांगतो.

न जुळण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जस्त उघड्या हवेत भिजतं आणि वाळतं. वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याच्यावर कार्बोनेटचा एक चिवट थर बसतो, आणि तोच त्याचं रक्षण करतो. पेटीत वाळण्याची सोयच नाही. अखंड खारं धुकं तो थर बसू देत नाही, म्हणून पेटीत जस्त असतं त्याहून दुबळं दिसतं आणि वाळण्याची गरज नसलेला एखादा लेप असतो त्याहून दणकट. उलट कोकणात किनाऱ्यावरच्या घराचा पत्रा पाहा. पावसाने धुतली जाणारी वरची बाजू बरेचदा टिकते आणि पागोळ्यांच्या आत, जिथे खारं वारं पोचतं पण पाऊस पोचत नाही, तिथे पत्रा आधी खाल्ला जातो. मीठ साचत राहतं, धुतलं जात नाही. पेटीत हा फरक येत नाही. त्यामुळे खरं उत्तर हवं असेल तर पट्ट्या गावातच टांगाव्या लागतात. कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेने देशात ठिकठिकाणी असे नमुने टांगून भारताचा क्षरण-नकाशा तयार केला, ते काम याच जातीचं आहे. वेळ लागतो, मथळा होत नाही, पण रत्नागिरीच्या पत्र्याला रत्नागिरीचं उत्तर मिळतं.

पाण्याच्या बाजूला हाच घोटाळा बीओडीत आहे. सांडपाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, यावरून घाण किती हे ठरवणारी ही चाचणी. ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने १९१२ मध्ये ती तिथल्या नद्यांच्या तापमानाला ५ दिवसांची ठरवली. आपल्याकडे उष्ण हवामानासाठी ती २७ अंशांना ३ दिवस अशी बदलून घेतली. हे शहाणपणाचं झालं. चाचणी करताना पाहणंही देखणं असतं. ३०० मिलिलिटरच्या घासल्या बुचाच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरतात. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड सोडलं की प्राणवायू असलेल्या पाण्यात तपकिरी ढग उतरतो. प्राणवायू नसेल तर ढग पांढराच राहतो. आम्ल घातलं की ढग विरघळून सोनेरी पिवळा रंग येतो. थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडत तो फिका करायचा, स्टार्च घालून निळा करायचा आणि ज्या थेंबाला निळा जाईल तो ब्युरेटवर वाचायचा. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने १८८८ मध्ये ही पद्धत दिली, आणि आजही तिच्यावर विसंबता येतं.

पण बीओडीचा प्रश्न गावाच्या मैल्यासाठी घडवलेला आहे. त्यात रासायनिक कारखान्याचं सांडपाणी घातलं तर? पाण्यात तांबं, क्रोमियम किंवा एखादं जंतुनाशक असेल तर बाटलीतले जिवाणूच मरतात. मेलेले जिवाणू प्राणवायू वापरत नाहीत. आकडा खाली येतो. पाणी जितकं जास्त विषारी तितका अहवाल चांगला, अशी वेळ येऊ शकते. चांगला विश्लेषक हे ओळखतो. तो नमुना वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून पाहतो, आणि जास्त पातळ केल्यावर बीओडी वाढतो आहे असं दिसलं की विषाचा संशय घेतो. शेजारी सीओडीही पाहतो, कारण तिथे जिवाणूंऐवजी तीव्र आम्लातलं पोटॅशियम डायक्रोमेट दोन तास उकळून घाण जाळतं आणि ते विषाला जुमानत नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी नदीनाल्यात सोडताना आपल्या सर्वसाधारण मानकात बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि सीओडी २५० पर्यंत चालतो. पहिला आकडा नियमात आणि दुसरा भरमसाट, असा कागद हाती आला तर समाधानाला जागा नाही, काळजीला आहे.

सीओडीचीही एक अडचण आहे, आणि ती मला फार बोलकी वाटते. पाण्यात क्लोराइड असेल, म्हणजे खारं पाणी असेल, तर डायक्रोमेट तेही जाळतं आणि आकडा खोटा फुगतो. त्याला गप्प बसवण्यासाठी पाऱ्याचं सल्फेट घालावं लागतं. प्रदूषण मोजण्याच्या प्रत्येक फ्लास्कमधून पारा आणि क्रोमियम बाहेर पडतं, आणि ते कुठे जातं हा प्रश्न प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःला विचारला पाहिजे. घातक कचरा म्हणून वेगळं साठवलं तर ठीक, बेसिनमध्ये ओतलं तर ज्या नदीसाठी चाचणी केली तिच्यातच ते पोचणार.

आपल्याच मानकांच्या यादीत एक ओळ अशी आहे, की ती वाचून मला नेहमी दिलासा वाटतो. न पातळ केलेल्या सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जिवंत राहिले पाहिजेत. बाकीच्या ओळी एकेका रसायनाबद्दल विचारतात. ही ओळ विचारते, इथे जगता येतं का? कुठलं विष आहे हे ती सांगत नाही, पण जी विषं यादीतच नाहीत तीही तिच्या नजरेतून सुटत नाहीत. माझ्या मते अहवालात ही ओळ पहिली यायला हवी.

यंत्र अचूक असूनही प्रश्न कसा निसटतो, याचं सगळ्यात धक्कादायक उदाहरण क्लेअर पॅटरसनचं आहे. उल्केतल्या शिशावरून त्याने १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं. ते काढताना त्याला वर्षानुवर्षं छळलं ते शिशानेच. हवेत, काचेत, आम्लात, हातावर, सगळीकडे शिसं होतं आणि ते नमुन्यात शिरत होतं. गाळलेली हवा, स्वतः पुन्हा शुद्ध केलेली आम्लं, झाकलेले हात, अशी प्रयोगशाळा त्याने उभी केली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की इतरांनी प्रसिद्ध केलेले शिशाचे कितीतरी आकडे नमुन्याचे नाहीत, प्रयोगशाळेच्या धुळीचे आहेत. पेट्रोलमध्ये शिसं घालणाऱ्या उद्योगाच्या बाजूने तेव्हा सांगितलं जात होतं, की माणसाच्या शरीरात एवढं शिसं असणं नैसर्गिकच आहे.

१९८० मध्ये त्याने आणि डोरोथी सेटलने ट्यूना माशावर काम केलं. एका सरकारी मत्स्य प्रयोगशाळेने ताज्या माशात ग्रॅममागे ४०० नॅनोग्रॅम शिसं सांगितलं होतं आणि शिशाच्या डागाने जोडलेल्या डब्यातल्या माशात ७००. म्हणजे डब्यामुळे शिसं दुप्पटही होत नाही, असा अर्थ निघत होता. पॅटरसनच्या स्वच्छ खोलीत ताज्या माशात फक्त ०.३ नॅनोग्रॅम निघालं आणि डब्यातल्या माशात १,४००. म्हणजे साडेचार हजार पटींहून जास्त. डब्याचा डाग झिजून माशात उतरत होता आणि मोजणाऱ्याच्या स्वतःच्या मळाने तो झाकला जात होता. गंजाच्या प्रयोगशाळेत कोरी पट्टी बुडवून आपलं नुकसान वजा करतात, तीच शिस्त पाण्याच्या आणि अन्नाच्या मोजणीत पाळली नाही, तर दोष धातूचा की मोजणाऱ्याचा हे कधीच कळत नाही. ब्लँकचा आकडा न दिलेला अहवाल मी तरी अर्धाच अहवाल मानतो.

आता फ्लिंट. नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त होतं, आणि शुद्धीकरणात फेरिक क्लोराइड घातल्याने ते आणखी वाढलं. डेट्रॉइटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घातलेलं असे. ते शिशाच्या नळाच्या आतल्या बाजूला एक न विरघळणारा पातळ थर धरून ठेवतं. फ्लिंटने ते घातलंच नाही. वर्षानुवर्षं बसलेला थर सुटू लागला आणि शिसं पाण्यात उतरू लागलं. लोखंडी नळांचा गंज पाण्यातलं क्लोरीनही खाऊन टाकत होता. त्याच काळात तिथे लीजनेअर न्यूमोनियाची साथ आली आणि नोंदीनुसार १२ माणसं गेली.

शिशाचा नियम असा होता: घराघरांतून पाणी घ्यायचं, आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे, आणि ९० टक्के नमुने ज्या आकड्याच्या आत येतात तो १५ पीपीबीच्या वर गेला तर कारवाई करायची. म्हणजे सगळ्यात वाईट १० टक्के घरं कितीही वाईट असली तरी चालतील. टाकीला भोक पाडणारा खड्डा पाण्याच्या नियमात हरवला तो इथे. त्याहून वाईट म्हणजे नमुना घेण्याच्या सूचना. आदल्या रात्री नळ काही मिनिटं सोडून ठेवा, नळाची जाळी काढा, अशा सूचना लोकांना दिल्या गेल्या. रात्री नळ सोडला की सुटलेले कण आधीच वाहून जातात. जाळी काढली की तिच्यात अडकलेले शिशाचे बारीक तुकडे मोजणीत येत नाहीत. रोज सकाळी घाईत चहाचं आधण ठेवणारी बाई यातलं काहीच करत नाही. नमुना त्या बाईच्या पाण्याचा नव्हताच.

२०१५ च्या पूर्वार्धात ७१ घरांचे नमुने आले. त्यांतले २ राज्याच्या सांगण्यावरून वगळले गेले आणि हिशेबाचा आकडा ११ झाला. ते ठेवले असते तर १५ ची रेघ ओलांडली गेली असती. वगळलेल्या एका घराचा आकडा १०४ होता. तिथल्या आईने पाठपुरावा सोडला नाही. पुढे व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने त्याच घराचं पाणी तपासलं. एका नमुन्यात १३,२०० पीपीबी निघालं. कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात ५,००० पीपीबी शिसं असेल तर तो कचरा अमेरिकेत घातक मानला जातो.

एडवर्ड्स यांच्या चमूने केलं ते मला आदर्श वाटतं, कारण त्यांनी दोन्ही खाती एका टेबलावर आणली. एकीकडे शिशाचा डाग असलेले तांब्याच्या नळाचे तुकडे काचेच्या भांड्यांत घालून त्यांवर फ्लिंटचं आणि डेट्रॉइटचं पाणी ठेवलं. फ्लिंटच्या पाण्यात १९ पट शिसं उतरलं. हा गंजाचा प्रयोग. दुसरीकडे सुमारे ३०० घरांना बाटल्यांचे संच पाठवले. प्रत्येक संचात ३ बाटल्या: नळ रात्रभर बंद ठेवून पहिल्यांदा उघडताच भरायची १ लिटरची, ४५ सेकंदांनी भरायची अर्ध्या लिटरची, आणि २ मिनिटांनी भरायची छोटी. पहिल्या बाटलीत घरातल्या नळाचं पाणी येतं, पुढच्या बाटल्यांत रस्त्यापासून घरापर्यंतच्या जोडणीचं. तीन आकडे शेजारी ठेवले की शिसं कुठून येतंय हेही उमगतं. बाटल्या भरल्या गावातल्या लोकांनी, एकमेकांना शिकवून. २४ सप्टेंबर २०१५ रोजी मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांच्या रक्ताचे आकडे मांडले. पुढे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्के झाल्याचं दिसलं. १६ ऑक्टोबरला शहर परत डेट्रॉइटच्या पाण्यावर गेलं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळता येणार नाही. प्रत्येकाने आपल्या मनाने बाटली भरली तर दोन गावांची, दोन वर्षांची तुलना कशी होणार? न्यायालयात काय टिकणार? चाचणीला एक ठरलेली, सगळीकडे सारखी पद्धत लागतेच. आपल्या १९७४ च्या जल कायद्याचं २१ वं कलम याच जाणिवेतून आलेलं आहे: नमुना घेताना कारखानदाराला तिथेच सूचना द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर मोहोर आणि सह्या, तेव्हा तो पुराव्यात घेता येतो. ही शिस्त नसती तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला एकही खटला चालवता आला नसता. मला ती मोडायची नाही. पण शिस्त कुणाच्या बचावासाठी घडवली आहे हेही पाहावं. या कलमात कारखानदाराच्या हक्काचा बारकाईने विचार आहे. खालच्या अंगाला त्याच नाल्याचं पाणी शेताला लावणाऱ्याने तिथे उभं राहण्याची, दिवस-रात्र कुठल्या वेळी नमुना घ्यावा हे सांगण्याची सोय त्यात नाही. रात्री दोनला सोडलेलं पाणी सकाळी अकराच्या बाटलीत सापडत नाही. सारखेपणा आणि सत्य यांत कुठेतरी तडजोड होणारच; ती कुठे झाली हे कागदावर लिहायला काय हरकत आहे?

दोन्ही खाती एकत्र ठेवणं शक्य आहे हे स्टॉकहोममधल्या संशोधकांनी दाखवलं आहे. त्यांनी तांब्याचे आणि जस्ताचे पत्रे वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवले, पत्र्याची झीजही मोजली आणि त्याच्यावरून ओघळलेलं पावसाचं पाणी गोळा करून त्यातला धातूही. झिजलेला सगळा धातू लगेच वाहून जात नाही, काही वरच्या थरात अडकून राहतो, हे त्यातून कळलं. नुसत्या झिजेवरून प्रदूषण फुगवून सांगणाऱ्यांना त्याने लगाम बसला आणि नुसतं छप्पर टिकतं का ते पाहणाऱ्यांना पाण्याकडे पाहावं लागलं.

आपल्याकडे शिशाचे नळ अमेरिकेसारखे गल्लोगल्ली नाहीत. म्हणून हा प्रश्न आपला नाही असं समजू नये. पीव्हीसीच्या पाइपांतही शिशाचे क्षार स्थिरक म्हणून घातले जात होते. त्यावर नियम आले ते २०२१ मध्ये. पितळी तोट्या, जस्त चढवलेले जुने नळ, उन्हाळ्यात आटलेल्या धरणाचं किंवा बोअरचं क्षार वाढलेलं पाणी, दिवसातून एकदोन तास येणारं आणि बाकी वेळ नळात तुंबून राहणारं पाणी, ही आपली परिस्थिती आहे. पाणी जितका वेळ धातूला टेकून उभं राहतं तितका धातू उतरतो. २४ तास वाहत्या नळांसाठी लिहिलेल्या नमुन्याच्या पद्धती इथे जशाच्या तशा लावल्या तर उत्तर आपलं नसेल.

अमेरिकेने २०२१ मध्ये शिशाच्या जोडण्या असलेल्या घरांसाठी पहिल्या लिटरऐवजी पाचवा लिटर मोजायचा नियम केला, कारण जोडणीत रात्रभर थांबलेलं पाणी साधारण तेव्हा नळाशी येतं. २०२४ च्या नियमांत पहिला आणि पाचवा यांतला जो जास्त तो धरायचा आणि रेघ १५ वरून १० वर आणायची असं ठरलं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा आधीपासून १० पीपीबीच आहे. कागदावर आपण मागे नाही. पण नगरपालिकेच्या किंवा सोसायटीच्या पाण्याच्या अहवालात चार गोष्टी आणखी छापल्या गेल्या पाहिजेत: नळ किती तास बंद होता, बाटली कितव्या लिटरला भरली, नमुना कुणी घेतला आणि कोऱ्या नमुन्याचा आकडा काय आला. यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवी प्रयोगशाळाही लागत नाही. अहवालाच्या नमुन्यात चार रकाने वाढवावे लागतील, ते मराठीत असावे लागतील, आणि पहिले दोन त्या घरातल्या माणसाने स्वतः भरून खाली सही करावी लागेल.